कॉलेजात शिकवतात ती कंपनी

सोमाजी गुरनुले यांच्या घरी राग बिऱ्हाड करून राहत होता, आणि भाडंही देत नव्हता. चांद्याच्या आमच्या गल्लीत सकाळचा पहिला आवाज कोंबड्याचा नसे, सोमाजींचा असे. पेपर उशिरा आला म्हणून ओरडत. वेळेवर आला तर त्यात जे छापलंय त्यावर ओरडत. नवे पैसे सुरू झाले त्या वर्षी तर दूधवाल्या बाईला त्यांनी अर्धा तास उंबऱ्यात उभं केलं होतं. एका आण्याचे सहा नवे पैसे, तर चार आण्यांचे चोवीस व्हायला हवेत; हा पंचविसावा पैसा कोणाच्या खिशात जातो, याचा जाब ते सरकारऐवजी तिला विचारत होते. बाई म्हणाली, "गुर्जी, माह्या म्हशीले इचारून सांगतो," आणि पुढच्या घरी गेली.

माणूस बुटका, काळासावळा. बंद गळ्याचा कोट आणि हातात बारमाही छत्री. छत्रीचं कारण कॉलेज. कॉलेज नवं होतं, इमारत मात्र तेंदूपत्त्याचं जुनं गोदाम. वर आढ्याला वटवाघळं टांगलेली. बी. कॉम.च्या सतरा पोरांना सोमाजी एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री धरून शिकवत. राग आला की खडू मोडायचा. संध्याकाळी घरी आले की त्यांची बायको इंदुताई चहा ठेवता ठेवता एवढंच विचारायची, "आज किती?" ते म्हणत, "चार." त्यावरून तिला दिवस कळायचा.

त्यांच्या वाट्याला आलेला विषय म्हणजे गुंतवणुकीचं परीक्षण. पैसा कुठं लावावा, कुठं लावू नये आणि लावण्याआधी काय पाहावं. नेमलेलं पुस्तक विलायती. त्यात विलायतेतल्या रेल्वे कंपन्या आणि तिकडचे दारूचे कारखाने. सोमाजींनी पहिल्याच आठवड्यात कुरखेड्याकडच्या वारलूला उभं केलं आणि विचारलं, गुंतवणूक म्हणजे काय? वारलूनं एका दमात इंग्रजी व्याख्या म्हणून दाखवली. कुठं स्वल्पविराम आहे तिथं श्वाससुद्धा घेतला.

"याचा अर्थ?"

"अर्थ पुस्तकात नाई देला, सर."

पहिला खडू तिथं गेला.

सोमाजींची एक गंमत होती. शांत असले की नागपूरला शिकलेली शुद्ध भाषा. राग चढला की एम. कॉम. खाली उतरायचं आणि सावली वर यायची. सावली त्यांचं गाव, वैनगंगेच्या धानपट्ट्यातलं.

"तुह्या बापानं बैल घेतला कधी?"

"घेतला नं, सर. मागच्या साली."

"काय पाह्यलं त्यानं?"

आता वारलूचा चेहरा माणसाचा झाला. "दात पाह्यले. खूर पाह्यले. मंग चिखलात चालवला. मालक एका अंगानंच बैल दाखवून राह्यला होता, तं बाबा मुद्दाम दुसऱ्या अंगाले गेले. शिंगाईले लाल रंग होता, तो नाई पाह्यला."

"काऊन नाई पाह्यला?"

"रंग तं इकणारा लावते, सर. बैलाले नाई उगवत."

सोमाजींनी छत्री मिटली. वर्गात छत्री मिटल्याची ती पहिली वेळ. त्यांनी सांगितलं, आजपासून पुस्तक बंद. आपण या जिल्ह्यातलीच एक कंपनी घेऊ, तिचा छापील वार्षिक अहवाल घेऊ, आणि बैलासारखा तो चिखलात चालवू.

चांद्याला अशी कंपनी होती कितीशी? झिंगूजी पाटलांनी दोन वर्षांपूर्वी काढलेली 'झाडी राईस मिल्स लिमिटेड' नावाची धानाची गिरणी. झिंगूजी म्हणजे पांढरवाहीचे जुने मालगुजार, गावाचे मालकच. मालगुजारी सरकारनं घेतली आणि नुकसानभरपाई दिली. गाव गेलं, लोकांनी वाकून नमस्कार करायचा आणि यांनी पाहिलं न पाहिलं करायचं, ती सवय तेवढी राहिली. कॉलेजच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. कंपनीचा शेअर दहा रुपयांना, आणि वर्षाला रुपयामागं दोन आणे नफा वाटत होते. गेल्या साली वैनगंगेच्या दोन्ही काठांना धान निम्मं पिकलं होतं. तरी दोन आणे. सोमाजींच्या नाकाला तिथंच वास आला होता.

अहवालाच्या वीस प्रती मागायला ते पाटलांकडे गेले तेव्हा वाटेत पूर्ण भांडण पाठ करून गेले होते. नकार मिळाला तर काय बोलायचं, हाकलून दिलं तर काय बोलायचं. पाटलांनी पान पुढं केलं आणि म्हणाले, "आपली कंपनी कॉलेजात? अरे वा, प्रोफेसर. वीस काऊन, पन्नास घेऊन जा."

"पोरं बारीक तपासतील, पाटीलसाहेब."

"तपासू द्या नं. लेकरंच तं आहेत."

पाठ केलेलं भांडण तसंच घरी आणावं लागलं. ते त्यांनी इंदुताईवर वापरलं.

अहवाल देखणा होता. नागपूरला छापलेला, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. मुखपृष्ठावर उगवता सूर्य आणि त्याच्यापुढं भाताच्या लोंब्या. सोमाजींनी एका रात्रीत वाचला आणि काय ते त्यांना कळलं. पण वर्गात ते एक शब्द बोलले नाहीत. मास्तरनं सांगितलेलं उत्तर परीक्षेपुरतं राहतं, स्वतः शोधलेलं जन्मभर, ही त्यांची ठाम समजूत. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा त्यांनी पोरांना बजावलं, "अहवाल घरी न्या. मोठ्या माणसांना वाचून दाखवा. एकेका आकड्यावर त्यांना विचारा की हे खरं वाटतं का."

पोरांनी वाचून दाखवला. पण घरच्या मोठ्या माणसांना आकड्यांत रस नव्हता, त्यांना सूर्य आवडला. आणि त्याहून आवडलं हे की आपला पोरगा कॉलेजात जे शिकतो ते आपल्याच मुलखातल्या गिरणीचं आहे. झाडीतल्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्टीतल्या माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते. शाळेत जे शिकवतात ते चांगलं असतं. वाईट असतं तर सरकारनं पगार देऊन शिकवलं असतं का? दिवाळीचे दिवे विझायच्या आत मूलपासून कुरखेड्यापर्यंत बातमी गेली की पाटलाची कंपनी कॉलेजात लागली आहे. कंपनीचा एजंट मुखरू सायकलवर शेअरांचे फॉर्म घेऊन हिंडायचा. आधी त्याला दारात पाणी मिळत नव्हतं, आता खाट टाकून मिळू लागली. त्यानंही एक वाक्य धरलं: "कॉलेजात शिकवतात ते कंपनी आहे, बाप्पा. मी काय सांगू?"

सोमाजींना याचा पत्ता नव्हता. तो लागला एका सोमवारी, वच्छलाबाई सावलीहून मोटारीनं आल्या तेव्हा.

वच्छलाबाई सोमाजींची मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. आईबाप गेल्यावर भावाला हिनंच वाढवलं. दुसऱ्यांच्या घरचं धान उखळात कांडायचं, दुसऱ्यांच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, रोवणीला वाकायचं, आणि भावाची फी भरायची. तिच्या नावावर एकच बांधी होती, गावच्या बोडीखाली, म्हणजे लहान तळ्याचं पाणी थेट मिळणारी. धान पिकणार म्हणजे पिकणार, अशी. भावाच्या एम. कॉम.च्या वेळीसुद्धा तिनं ती विकली नव्हती.

टोपलीतले नव्या धानाचे पोहे इंदुताईच्या पुढ्यात ठेवून ती बसली आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "सोम्या, बांधी इकून राह्यली मी."

सोमाजींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कोणती?"

"दहा-पाच आहेत काय? बोडीखालची. सुकरवारी देवाजी इसार घेऊन येते." इसार म्हणजे सौद्याचा शब्द पक्का, एकदा हातात घेतला की मागं फिरणं नाही. "सहाशे देते म्हणाला."

"काऊन पण?"

"काऊन म्हंजे? कंबर राह्यली काय माही? पन्नास वर्साची झाली. रोवणीत वाकलो की दुसऱ्या कोणी सरळ करा लागते. सहाशाचे कागद घेईन तुह्या कंपनीचे. रुपयाले दोन आणे. बसून खाईन."

"माही कंपनी?"

"तू शिकवते ते."

गल्लीतल्या लोकांनी नंतर सांगितलं की त्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर पडल्याचा आवाज आला. पडलं असेलही.

"बाई, ते कंपनी खोटी आहे."

"मंग शिकवते काऊन?"

"खोटी आहे म्हणूनच शिकवतो."

वच्छलाबाईंनी इंदुताईकडे पाहिलं, म्हणजे याला ताप वगैरे आहे का, अशा नजरेनं. "शाळेत हरिश्चंद्राचा धडा असते, सोम्या. चोराचा असते काय?"

सोमाजी उठून उभे राहिले. त्यांनी ताळेबंद समजावला. भांडवल, नफा, राखीव निधी. आवाज वाढत गेला तशी भाषा अवघड होत गेली. बहीण शांतपणे ऐकत होती आणि मध्येच एकदा पोह्यातला खडा काढून टाकत होती. शेवटी ती म्हणाली, "तू लानपणी बी असाच होता. मले बरं दिसून राह्यलं की तुले रडू यायचं. सरळ सांग, बांधी तुले पाह्यजे काय?"

सोमाजींनी छत्री उचलली आणि बाहेर पडले. जटपुरा दरवाज्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. येताना वाटेत कोणाशी भांडले नाहीत, म्हणून पानवाल्यानं इंदुताईला निरोप पाठवला की साहेबांची तब्येत बघा.

रात्री जेवताना ते पुन्हा सुरू होणार, तेवढ्यात इंदुताई म्हणाली, "तुमचं ओरडणं मले सात वर्सांत नाई समजलं, तं बाईले एका दिवसात कसं समजंल? त्याईले वर्गात घेऊन जा. पोट्टे तरी हळू बोलतात."

मंगळवारी वच्छलाबाई नऊवारी सावरून कॉलेजात आल्या आणि शेवटच्या बाकावर मनकर्णाशेजारी बसल्या. मनकर्णा त्या वर्गातली एकुलती एक मुलगी, मूलची. पोरांना वाटलं नवी विद्यार्थिनी आहे. दोघं-तिघं हसलेही. सोमाजी म्हणाले, "ही माझी बहीण. हिच्या सहाशे रुपयांचा प्रश्न आहे. कंपनीत लावायचे की नाही, ते तुम्ही सांगायचं. मी आज बोलणार नाही." आणि खिडकीपाशी जाऊन खरंच पाठ करून उभे राहिले.

वारलू उठला. "सर, शिंगं लय रंगवले आहेत. सूर्य गिर्य. ते सोडून देलं. दात पाह्यले तं कंपनी दोन वर्साची. मंग आकडे..." तो अडखळला. आकड्यांत त्याला फारसं सापडलं नव्हतं.

मनकर्णानं अहवालाचं सातवं पान उघडलं. "सर, इथं एक गोष्ट मले जुळत नाई. गिरणीत धान आलं त्याच्यातून तांदूळ किती निघाला ते देलं आहे. शंभर मण धानाचा चौऱ्यांशी मण तांदूळ."

"किती म्हणाली, बाई?" शेजारून आवाज आला.

"चौऱ्यांशी."

वच्छलाबाई उभ्या राहिल्या. "कोणतं धान होय ते? सोन्याचं होय काय?"

वर्ग हसला, पण त्या हसल्या नव्हत्या. "वीस वर्स कांडप केलं मी. दीड मण धान कांडलं की एक मण तांदूळ. तो बी हात चांगला पडला तं. शंभराले सहासष्ट. लय तं सडुसष्ट. हे वरचे सतरा-अठरा मण कुठून आणले यानं?"

सोमाजींची पाठ हलली, पण ते वळले नाहीत.

"आन कोंडा?" वच्छलाबाई म्हणाल्या. "कोंडा कितीचा इकला, वाच बरं."

मनकर्णानं पान वरून खाली पाहिलं. मग वारलूनं पाहिलं. मग सतराही पोरं पानं उलटू लागली. इंग्रजी बाजू पाहिली, मराठी बाजू पाहिली. तांदूळ होता, कणी होती, बारदानसुद्धा होतं. कोंडा कुठंच नव्हता.

"कोंड्याबिगर गिरणी चालते काय रे, बापू? तांदूळ ज्याचा त्याचा, कोंडा गिरणीवाल्याचा. त्याच्यावरच तं त्याचं पोट. ज्यानं कागदावर कोंडा नाई लिहिला, त्यानं धान भरडलंच नाई. घरी बसून लिहिलं त्यानं."

आता खिडकीतून सोमाजींचा आवाज आला, अगदी हलका. "मग वारलू, वाटलेले दोन आणे कुठून आले?"

वारलू बराच वेळ पान पाहत होता. बोट एका आकड्यावर ठेवून दुसरं बोट दुसऱ्या आकड्यावर नेत होता. जुन्या भागीदारांना वाटलेली रक्कम आणि त्या वर्षी नवे शेअर विकून आलेली रक्कम. पहिली दुसरीत सहज मावत होती. "नव्या लोकाईचे पैसे घेतले आन जुन्याईले वाटले, सर," तो म्हणाला. आणि मग, "आमच्या बाबानं दिवाळीत वीस कागद घेतले. मीच वाचून दाखवलं होतं."

मनकर्णानं आपला अहवाल मिटला.

"म्हंजे बियाण्याचं धान रांधून खाऊ घातलं," वच्छलाबाई म्हणाल्या, "आन लोकं म्हणून राह्यले, काय जेवण देलं पाटलानं."

सोमाजी वळले. त्यांच्या तोंडावर, खरं सांगायचं तर, समाधान होतं. पोरांनी शोधलं होतं. बहिणीला पटलं होतं. बांधी वाचली होती. या क्षणासाठी त्यांनी दोन महिने जीभ आवरली होती. ते काहीतरी बोलणार तोच बहीण म्हणाली, "तुले हे कवा समजलं?"

"दसऱ्याच्या आधी."

"आन तू गप राह्यला."

"बाई, पोरांना आपणहून कळलं पाहिजे, नाहीतर..."

"पोराईचं मरू दे. सावलीत बारा घराईनं कागद घेतले. वारलूच्या बापानं घेतले. पेपर उशिरा आला तं तू गाव गोळा करते. दूधवालीले तू उंबऱ्यात उभी करते एका पैशासाठी. आन जिथं गावभर बोंबलाले पाह्यजे होतं, तिथं तुले शिकवण्याची हौस आली."

त्या दिवशी वर्गात एकही खडू मोडला नाही. सोमाजींना राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते त्यांना जन्मात पहिल्यांदाच समजत नव्हतं. इतकी वर्षं त्यांचा राग फुकट वाटला गेला होता. पेपरवर, पैशावर, वटवाघळांवर. आणि पाटलाच्या दारात जाताना जो पाठ केला होता, खराखुरा, तो त्यांनी घरी नेऊन बायकोवर खर्च केला होता.

"सुकरवारी देवाजीले मी नाई म्हणतो," वच्छलाबाई म्हणाल्या. "पन तू चल. सुकरवारी बाजार आहे. गावाच्या तोंडावर उभा राय आन सांग."

शुक्रवारी सोमाजी सावलीच्या बाजारात उभे राहिले. मिरच्यांच्या ढिगाजवळ, एका उलट्या टोपलीवर. बोलले ते नीट, पण भांडवल आणि ताळेबंद असंच काहीसं बोलले. लोक ऐकत होते आणि मान हलवत होते, कारण प्रोफेसर होते. पटत कोणालाच नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "कॉलेजात शिकवणं बंद झालं काय मंग?" मुखरू तिथंच सायकल धरून पाहत उभा होता, त्याच्याकडे वच्छलाबाई वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मुखरू, कोंडा कुठी आहे रे?"

"कोणता कोंडा, बाई?"

"एवढं धान भरडलं नं तुमच्या गिरणीनं. कोंडा कोणं नेला? कोणाच्या म्हशीनं खाल्ला?"

बाजारात निम्म्या बाया कांडप करणाऱ्या. त्यांना ताळेबंद कळत नव्हता, कोंडा कळत होता. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. दहा मिनिटांत मुखरूभोवती लुगड्यांचा गराडा पडला. कोंडा कुठी, सांग. गिरणी चालताना कोणं पाह्यली, सांग. मुखरूच्या थैलीत त्या आठवड्याचे फॉर्म आणि पैसे तसेच होते, चांद्याला पोचायचे बाकी. ते त्याला तिथल्या तिथं परत करावे लागले. आधीचे गेले ते गेले. वारलूच्या बापाचे दोनशे त्यातच. त्या पैशांबद्दल सोमाजी पुढं आयुष्यभर बोलले नाहीत, आणि जे माणूस बोलत नाही ते त्याला किती टोचतं हे शेजाऱ्यांना समजतं.

आठ दिवसांनी पाटलांनी बोलावलं. पान या वेळी पुढं आलं नाही.

"प्रोफेसर, अहवाल तुमाले कोणं देले?"

"तुम्ही."

"मागितले तवा नाई म्हणालो काय?"

"नाही."

"मंग हे काय आहे? मार्चात तुमी कायम होणार होते. मी सही करून ठेवली आहे. एक कागद लिहून द्या का वर्गात घेतलेली कंपनी काल्पनिक होती. शिकवण्यासाठी बनवलेली. बस. तुमची इज्जत राह्यते, माही राह्यते."

सोमाजींनी कागद पुढं ओढला. पाटील खुर्चीत मागं टेकले. सोमाजी लिहू लागले आणि लिहिताना मोठ्यानं वाचतही होते. "झाडी राईस मिल्स लिमिटेड ही कंपनी काल्पनिक नाही. तिचा तांदूळ काल्पनिक आहे." खाली सही, तारीख आणि पदवी.

पाटलांनी कागद पाहिला आणि घडी करून खिशात घातला. "शिकलेल्या माणसाले एवढा राग बरा नाई."

"उशीर झाला मले, पाटीलसाहेब," सोमाजी म्हणाले. "तो दसऱ्यालाच यायला पाह्यजे होता."

मार्चमध्ये कमिटीचं पत्र आलं. झाडी राईस मिल्सचा त्यात उल्लेखही नव्हता. सदर प्राध्यापकांच्या वर्गात खडूंचा खप अवाजवी असून संस्थेस तो परवडण्यासारखा नाही, सबब त्यांची एक वर्षाची मुदत वाढवण्यात येत नाही. हिशेबही जोडला होता: वर्षात सहाशे अकरा खडू. इंदुताईनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "सहाशे अकरा? माह्या मोजणीत सहाशे दोनच आहेत." मग मात्र ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आवाज नव्हता. सगळेजण उशिरा उठले.

नोकरी पाहता पाहता पावसाळा आला. श्रावणात सोमाजी सावलीला होते. बोडीखालच्या बांधीत चिखलात पिंडऱ्यांपर्यंत उतरलेले. कोट धुऱ्यावर काढून ठेवलेला, त्याच्यावर छत्री. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, वच्छलाबाई पाय पसरून बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा रोवणीच्या दिवशी कोरड्या होत्या आणि त्याचं त्यांना काही विशेष वाटत असल्याचं दाखवत नव्हत्या.

"सोम्या, चार बोटं सोड. गर्दी करून राह्यला."

"सोडली आहेत."

"कोणाचे बोटं मोजून राह्यला? इंदूचे मोज, तुहे जाड आहेत."

इंदुताई पलीकडच्या ओळीत होती. तिची ओळ सरळ होती, त्यामुळं सोमाजींना अधिक राग येत होता. सकाळपासून ते चिखलाला बोलले, रोपाच्या जुडीला बोलले, एका बगळ्याला बोलले.

दुपारी वारलू आणि मनकर्णा मोटारीनं आले. दोघं शेवटच्या वर्षाला गेले होते. त्यांच्या नव्या मास्तरांनी विलायती पुस्तक पुन्हा उघडलं होतं आणि तिकडच्या दारूच्या कारखान्यापासून सुरुवात केली होती. वारलूनं पिशवीतून एक नवा अहवाल काढला. मुखपृष्ठावर सूर्य तोच, लोंब्या जरा वाढल्या होत्या.

"सर, या सालचा. बाबाकडे टपालानं आला. भागीदार आहेत नं ते."

सोमाजी धुऱ्यापाशी आले. हात चिखलानं भरलेले म्हणून मनकर्णानं पानं उलटली आणि ते वाकून वाचू लागले. सातवं पान. शंभर मण धानाचा सहासष्ट मण तांदूळ. त्याखाली एक नवी ओळ, जाड ठशात: कोंडा विक्री, चारशे बारा रुपये. आणि शेवटच्या पानावर, बारीक ठशात: अपरिहार्य कारणांमुळे या वर्षी नफा वाटण्यात येत नाही.

सोमाजींचा चेहरा तांबडा होत गेला. "शिकले," ते म्हणाले. "पोट्टे शिकले का नाई माहीत नाई, पाटील शिकला. फुकट शिकवला मी त्याले."

"कोंडा चारशेचा?" वच्छलाबाईंनी मान पुढं केली. "एवढ्या धानाले?"

"काय झालं, बाई?"

"भाव लय लावला. एवढा म्हाग कोंडा कोणी घेत नाई." तिनं अहवाल हातात घेतला, सूर्याकडे पाहिलं आणि आपल्या कमरेखाली ओल लागू नये म्हणून धुऱ्यावर पसरून त्यावर बसली. "वारलू, लिहून घे हे. आन तू काऊन उभा, सोम्या? रोप सुकून राह्यले. ओळ पाय तुही, पाटलाच्या हिशेबासारखी वाकडी गेली."